जावईबापूंचा खटका

जावईबापूंना चार गोष्टी मिळायच्या होत्या. एक, हात असलेली शिसवी खुर्ची. दोन, चाव्यांचा जुडगा. तीन, कारखान्याच्या भिंतीवरच्या फळीवर स्वतःचं नाव. आणि चौथी, जिच्यावर त्यांचा खरा डोळा होता, ती म्हणजे धाकट्या मेहुणीची खाली गेलेली मान. पहिल्या तिन्ही सासऱ्यांच्या हातात होत्या. चौथी आजवर कुणाच्या हाती लागली नव्हती.

सासऱ्यांचा कारखाना घोड्याच्या साजाचा. चामडं शिवणारे वेगळे. इथे व्हायचं ते साजातलं लाकूड आणि लोखंड. गळपट्ट्यावर बसणाऱ्या लाकडी कमानी, आकडे, कड्या, बकलं आणि ओढकाठी. ओढकाठी म्हणजे गाडीच्या तोंडाशी साखळीने टांगलेलं हातभर आडवं लाकूड. घोड्याच्या गळपट्ट्यापासून निघालेले दोन पट्टे तिच्या दोन टोकांच्या आकड्यांत अडकवले की घोड्याने निघायचं.

भिंतीवरच्या फळीला ओळीने खिळे होते. घरातल्या कुणी साजात काही सुधारणा केली की तिचा नमुना खिळ्याला टांगायचा आणि खाली तापल्या तारेने नाव डागायचं. डागणारा त्या माणसाला ज्या नावाने हाक मारत असेल, तेच नाव. फळीवर ‘आजोबा’ होते, ‘काका’ होते आणि शेवटी ‘बाबा’. ते धाकटीने सातव्या वर्षी डागलं होतं, त्यामुळे दुसरा ‘बा’ पहिल्याच्या अंगावर पडला होता. ज्याचा नमुना शेवटी लागेल, खुर्ची आणि चाव्या त्याच्या, हा घरचा नियम. पंचवीस वर्षं खुर्चीवर बाबा होते आणि आता त्यांची पाठ धरत होती.

जावईबापूंनी पाणीखात्यात अकरा वर्षं नळांचे नकाशे काढले होते. नळ जमिनीत पुरतात, त्यामुळे नकाशे काढणाऱ्याची अब्रूही बराच काळ जमिनीखाली सुरक्षित राहते. पुढे एका नव्या साहेबाने खणून बघितलं आणि जावईबापूंनी स्वाभिमानाने राजीनामा दिला. तेव्हापासून ते सासऱ्यांच्या कारखान्यात ‘लक्ष घालत’ होते. हातोडा त्यांनी कधी उचलला नाही, पण कानावर सुताराची चपटी पेन्सिल कायम असे. आंघोळीला जातानासुद्धा ती आधी काढून ठेवावी लागे.

अशात डेअरीचा मॅनेजर आला. त्याच्या बारा दूधगाड्या. ओढकाठीचे आकडे उघडे, म्हणून पट्टे निसटू नयेत यासाठी त्यांना चामडी वाद्यांनी गाठी माराव्या लागत. वाद्या ओल्या झाल्या की गाठ सुटायची नाही.

“गाठी सोडता सोडता माझ्या माणसांची नखं गेली,” मॅनेजर म्हणाला. “हातासरशी लागेल आणि हातासरशी सुटेल असं काही करून द्या. एक सकाळ एका गाडीवर चालवून बघू. बरं वाटलं तर बाराही गाड्यांना तेच.”

मॅनेजर गेल्यावर सासरे एवढंच म्हणाले, “ज्याचं डेअरीत पसंत पडेल, ते फळीवर लागेल.”

हे ऐकून धाकटी भट्टीकडे गेली आणि जावईबापू कागद आणायला. जावईबापूंची बायको, म्हणजे सासऱ्यांची थोरली मुलगी, तिने त्याच दुपारी खुर्चीचं माप घेतलं आणि गादी शिवायला घेतली.

तीन आठवडे जावईबापूंनी कागद सोडला नाही. कागदावर एक घोडा होता. मान ताणून, चारी पाय रोवून, जीव तोडून गाडी ओढणारा. त्याचे पट्टे फूटपट्टीने आखलेले होते.

“भावजी, हे काय काढलंय?” धाकटीने विचारलं.

“खटका.” जावईबापूंनी पेन्सिल कानावरून काढली. “पट्ट्यावर ताण आहे तोवर खटका बंद. ताण गेला की आपोआप उघडा. गाठ नको, वादी नको, माणसाचं बोटसुद्धा लागायला नको. असे चार खटके. दोन ओढकाठीला आणि दोन घोड्याच्या दोन बाजूंच्या दांड्यांना. चारही एका तारेने जोडलेले. एक उघडला की सगळे उघडले!”

“आणि डेअरीची घोडी थांबली की?”

“थांबली की काय?”

“थांबली की ताण जाईल ना.”

जावईबापूंनी कागदाकडे पाहिलं. कागदावरचा घोडा तर कुठे थांबत नव्हता.

“थांबेल कशाला? ओढायलाच ठेवलंय ना तिला?”

“दूधगाडी आहे, भावजी. दारोदार थांबते.”

“बारीकसारीक गोष्टी चाचणीत बघता येतात,” जावईबापू म्हणाले. “आणि ही ओढकाठी लाकडाची का? जुनाट दिसते. लोखंडी नळी कर.”

“जड होईल.”

“भारदस्त होईल.”

धाकटीने कागद उचलला. तिने सगळं कागदाबरहुकूम केलं. नळी सांगितली तेवढीच जाड, खटक्याचं तोंड सांगितलं तेवढंच रुंद, वर प्रत्येकाला आरपार एक भोक, कारण कागदावर तिथे एक ठिपका होता. तो ठिपका म्हणजे जावईबापूंच्या पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. रोज कुरकुर करणारी मेहुणी एखादं काम इतकं निमूटपणे आणि तंतोतंत करते, तेव्हा माणसाने घाबरायला हवं. जावईबापू खूश झाले.

“बघितलंत? मांडणी पक्की असली की वादच उरत नाही,” ते सासऱ्यांना म्हणाले. सासऱ्यांनी लोखंडी नळी हातात घेऊन तोलली, परत ठेवली आणि कंबर चोळली.

चाचणीसाठी डेअरीने जी घोडी दिली तिला सगळे आत्याबाई म्हणत. ती नऊ वर्षं दूधगाडीला होती, त्रेचाळीस दारं तिला पाठ होती, आणि कोणत्या दारात किती वेळ थांबायचं हे तिने दूधगाडीवाल्याला कधीच विचारलं नव्हतं. ती स्वतःच थांबे आणि पुरेसं झालं असं वाटलं की स्वतःच निघे. दूधगाडीवाला तोवर परत चढला असेल तर ठीकच.

“आठाच्या ठोक्याला परत येतो,” जावईबापू गाडीवर चढत म्हणाले. “तुम्ही सगळे डेअरीच्या फाटकाशी उभे राहा. मॅनेजरसाहेबांनाही उभं करा.”

“राहतो की,” धाकटी म्हणाली. “पाणी तापवून ठेवू का?”

“पाणी कशाला?”

“असंच. शेकायला.”

डेअरीपासून पहिल्या दारापर्यंत मैलभर सरळ रस्ता. आत्याबाईने गाडी ओढली, पट्टे ताठ राहिले, चारही खटके बंद. जावईबापूंच्या आयुष्यातला हा सर्वांत सुखाचा मैल.

“कसं वाटतंय?” त्यांनी दूधगाडीवाल्याला कोपराने ढोसलं.

“वाटतंय चांगलं, साहेब. पण अजून थांबलो कुठंय?”

पहिलं दार दातांच्या डॉक्टरचं. डॉक्टर चंबू घेऊन पायरीवर उभा होता. आत्याबाई नेमकी पायरीसमोर थांबली. खट्. चारही खटके एकदम उघडले. दांडे सुटले, दोनचाकी गाडी पुढे कलंडली आणि तिने डॉक्टरला साष्टांग नमस्कार घातला. दूधगाडीवाला घसरून रस्त्यावर, त्याच्यामागून जावईबापू, त्यांच्यामागून दोन भरलेले कॅन. कॅनांची झाकणं उडाली आणि दूध डॉक्टरच्या चपलांवरून घरात शिरलं.

“मी रोज अर्धा लिटर घेतो,” डॉक्टर म्हणाला. “एवढं नको.”

जावईबापू उठले ते चेहऱ्यावर तेज घेऊनच. “उघडला! बघितलंत ना? चारही एकदम! कुठे अडकलं नाही!”

“उघडायला नको होतं ना, साहेब,” दूधगाडीवाला कोपर चोळत म्हणाला.

“ते पुढचं. यंत्र चालतं हे तर ठरलं.”

आत्याबाईला पकडून आणलं, गाडी उचलली, खटके लावले, पुढे निघाले. दुसरं दार शिंपिणीचं. खट्. या वेळी जावईबापूंनी बसायची फळी घट्ट धरून ठेवली होती, त्यामुळे फळी त्यांच्याबरोबर आली. तिसऱ्या दाराशी दूधगाडीवाल्याने शहाणपणा केला आणि गाडी थांबायच्या आधीच उडी मारली. जावईबापू एकटेच पडले.

“तू सांगायचंस तरी!”

“मला वाटलं साहेबांना माहीत असेल. साहेबांनीच काढलंय ना ते.”

चौथ्या दाराकडे जाताना मध्ये एक लांब कुंपण लागतं. तिथे दार नाही, गिऱ्हाईक नाही, थांबायचं काही कारण नाही. आत्याबाई तिथे थांबली. तिने मान वळवून मागे पाहिलं, जरा विचार केला, आणि मग मुद्दाम अर्धं पाऊल मागे सरली. खट्. दांडे खाली. आत्याबाईने अंग झाडलं आणि ती शांतपणे चालू लागली.

साजाची नवी रचना पूर्णपणे समजलेले आता तिघं झाले होते: धाकटी, सासरे आणि आत्याबाई. जावईबापूंचा नंबर अजून लागायचा होता.

“पकड तिला!”

“नाही सापडायची आता, साहेब.” दूधगाडीवाला कुंपणाला टेकला. “गंमत कळलीय तिला. ती सगळी दारं घेणार आणि डेअरीवर जाऊन उभी राहणार.”

तसंच झालं. गळ्यात गळपट्टा, मागे लोंबणारे दोन पट्टे अशा थाटात आत्याबाई एकेका दारात जाऊन उभी राहत होती. माणसं भांडी घेऊन बाहेर येत, घोडी बघत, घोडीमागे बघत. तिथे काही नसे. नेमका वेळ संपला की आत्याबाई पुढच्या दाराकडे निघे आणि त्या दारात एक रिकामं भांडं घेतलेलं माणूस उभं राहून जाई.

“साडेसात झाले,” जावईबापू म्हणाले. “आठाला गाडी फाटकातून आत गेली पाहिजे.”

“घोडी जाईल की आठाला. तिचं चुकत नाही.”

“गाडी म्हणतोय मी! चाचणी साजाची आहे. ओढणारा कोण असावा, हे कुठे ठरलंय? दोर आहे का गाडीत?”

दूधगाडीवाल्याने नऊ वर्षांत बरीच जनावरं जुंपली होती, पण स्वतःहून मान पुढे करणारं त्याने पहिल्यांदा बघितलं. त्याने दोर जावईबापूंच्या कंबरेभोवती गुंडाळला, त्याची दोन टोकं ओढकाठीच्या दोन खटक्यांत अडकवली आणि दोन दांडे त्यांच्या दोन हातांत दिले. स्वतः मागून ढकलायला गेला.

“निघा, साहेब.”

जावईबापूंनी दम धरून ओढलं. दोर ताठ झाला, खटके बंद झाले आणि बंदच राहिले. खटका नकाशाप्रमाणे चालू लागला, कारण नकाशातल्यासारखा न थांबता ओढणारा प्राणी त्याला आता कुठे मिळाला होता.

फक्त थांबायची सोय नव्हती. शिंपिणीच्या बहिणीने पातेलं घेऊन हात केला, “अहो दूधवाले, थांबा!”

“थांबता येत नाही!” जावईबापू ओरडले.

“का?”

“ताण जाईल!”

“आणि घरात पोरं बोंबलतायत त्यांचं काय? पैसे घेता ना महिन्याचे!”

ती पातेलं घेऊन बरोबर पळू लागली. पुढच्या दारातला पेन्शनर तांब्या घेऊन सामील झाला. एका बाईच्या हाती नुसती वाटी होती, तीही पळाली. दहा-बारा भांडी गाडीच्या दोन्ही बाजूंनी खणखणत धावत होती आणि मधोमध माणूस जुंपला होता.

“नवीन घोडा दिसतोय,” पेन्शनर दूधगाडीवाल्याला धापा टाकत म्हणाला.

“चाचणीवर आहे.”

आणि ती भारदस्त ओढकाठी. लाकडाची असती तर हलकेच झुलली असती. लोखंडी नळी प्रत्येक पावलाला मागे जाई, पुढे येई आणि जावईबापूंच्या बैठकीवर नेमाने बसे. ठण्. पाऊल. ठण्. पाऊल. मैलभरात किती पावलं होतात हे ज्याला मोजायचं असेल त्याने मोजावं, जावईबापूंनी मोजली.

डेअरीच्या फाटकाशी मॅनेजर, सासरे आणि धाकटी उभी होती. आठाला पाच मिनिटं कमी असताना आत्याबाई एकटीच आत आली आणि पाण्याच्या हौदाशी जाऊन पिऊ लागली.

मॅनेजरने तिला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. “साज बराच हलका केलेला दिसतो.”

“पुढचा भाग आधी आलाय,” धाकटी म्हणाली. “थांबा जरा.”

मग रस्त्यावर भांड्यांचा आवाज ऐकू आला. वळणावरून जावईबापू आले, लालबुंद, कानावर पेन्सिल, मागे गाडी आणि भोवती गिऱ्हाइकं. बरोबर आठ. सासऱ्यांनी घड्याळ काढून बघितलं. नको तिथेही ते न्याय सोडत नसत.

फाटकापासून आत डेअरीचं अंगण उताराचं आहे. उतारावर गाडी आपणहून धावू लागली, दोर ढिला पडला, ताण गेला. आता खटके उघडायला हवे होते. पण तीन दारांत आणि एका कुंपणाशी आपटून नळी वाकली होती आणि दोन्ही खटके रुतून बसले होते. सकाळपासून नको तेव्हा उघडणारं यंत्र हवं तेव्हा उघडेना.

“सोडवा!” जावईबापू एवढंच ओरडू शकले. गाडीने त्यांना अंगणभर पळवलं आणि गवताच्या गंजीत तोंडावर नेऊन घातलं. आत्याबाईने हौदातून मान वर केली, बघितलं आणि परत खाली घातली.

धाकटी धावत गेली. गुडघे टेकले, मान पार खाली घातली आणि ओढकाठीखाली हात घालून दोर कापू लागली.

“हलू नका, भावजी.”

चौथी गोष्ट अशी मिळाली. जावईबापूंना ती दिसली मात्र नाही. त्यांचं तोंड गवतात होतं.

इकडे भांडीवाली मंडळी मॅनेजरच्या अंगावर गेली. दूध आत्ताच्या आत्ता पाहिजे. गाडीत नऊ कॅन शिल्लक होते. घोडी होती. हातोड्याच्या दोन ठोक्यांनी खटके मोकळे झाले, पण आता ते मिटेचनात. तोंड वासून उघड्या आकड्यांसारखे राहिले.

“वाद्या आणा,” मॅनेजर म्हणाला. “मारा गाठी. पुन्हा तेच.”

“दांड्यांना मारा,” धाकटी म्हणाली. तिने जावईबापूंच्या कानावरची पेन्सिल काढली, गुडघ्यावर ठेवून मधोमध मोडली, पट्टा आकड्यात अडकवला आणि वरच्या भोकातून अर्धी पेन्सिल आरपार घातली. आकड्याचं तोंड बंद. दुसऱ्या टोकाला दुसरी अर्धी. दहा मोजायच्या आत काम झालं. तिने एक पेन्सिल उपसून दाखवली, पट्टा सुटला. परत घातली, पट्टा बसला.

आत्याबाई त्रेचाळीस दारं फिरून आली. प्रत्येक दारात थांबली, प्रत्येक दारात अर्धं पाऊल मागे सरून बघितलं. काही झालं नाही. शेवटी शेवटी ती जरा उदास दिसत होती, असं दूधगाडीवाल्याने सांगितलं.

“हेच पाहिजे,” मॅनेजर म्हणाला. “लाकडी खुंटी. बाराही गाड्यांना. आणि ती नळी माझ्या अंगणातून घेऊन जा.”

रविवारी सगळे फळीसमोर जमले. पेन्सिलीचे दोन तुकडे खिळ्याला टांगले होते. धाकटीने तार तापायला ठेवली होती.

“ज्याचा नमुना त्याचं नाव, हाच नियम ना?” जावईबापूंनी विचारलं. ते उभ्यानेच बोलत होते.

“हाच,” सासरे म्हणाले.

“पेन्सिल कुणाची?”

थोरली नवऱ्याकडे बघतच राहिली. धाकटी म्हणाली, “तुमचीच, भावजी. भोकही तुमचंच.” तिने तार उचलली आणि स्वच्छ, सुबक अक्षरांत डागलं: ‘भावजी’.

सासऱ्यांनी कंबरेचा जुडगा सोडून जावयाच्या हातात दिला आणि ते खुर्चीवरून उठले. “बसा.”

“बसेन,” जावईबापू म्हणाले. “सवडीने.”

पंधरा दिवस ते खुर्चीच्या पाठीला हात लावून उभे राहिले. त्या काळात त्यांनी चाव्या लावून बघितल्या. एकही लागली नाही. कुलपं धाकटीने सहा वर्षांपूर्वीच बदलली होती. कारखाना रोज तीच उघडत असे. जुन्या चाव्या सासऱ्यांच्या कंबरेला शोभत म्हणून कुणी काही बोललं नव्हतं.

सोळाव्या दिवशी धाकटी करवत घेऊन आली.

“भावजी, खुर्ची तुमची आहे, म्हणून विचारते. चोवीस खुंट्या करायच्यात. साधं लाकूड तुटतं. जुनं, मुरलेलं शिसव पाहिजे आणि बाजारात ते मिळेना. नमुना तुमचा. नाव जाईल तर तुमचंच.”

जावईबापूंनी फळीकडे पाहिलं. मग खुर्चीकडे. मग स्वतःच्या नावाकडे.

“नमुन्याचा प्रश्न असेल तर,” ते छाती पुढे काढून म्हणाले, “माझी काही हरकत नाही.”

खुर्चीच्या दोन हातांतून आणि चार पायांतून बरोबर चोवीस खुंट्या निघाल्या.

तेव्हा हिशेब असा. डेअरीने दोन कॅन दूध गमावलं. दातांच्या डॉक्टरने एक चपलांचा जोड. जावईबापूंनी ठरवलेल्या चारही गोष्टी मिळवल्या: नाव फळीवर आहे, चाव्या कंबरेला आहेत, मान खाली गेली होती, आणि खुर्ची रोज सकाळी बारा रस्त्यांनी गावभर फिरते. राहिली थोरलीने शिवलेली गादी. तिला खुर्ची उरली नाही, म्हणून ती धाकटीने आत्याबाईच्या पाठीवर, साजाच्या पट्ट्याखाली घातली. मापात बसली.